तिसरी बाटली

"आला वास?" सुनीतीबाईंनी बाटली पुढे धरून विचारलं.

रांगेत आज नयन पहिला होता. त्याने नाक मुरडलं, मान मागे घेतली आणि म्हणाला, "व्हय मॅडम. सडल्या कांद्यावानी."

"बरोबर. पुढचा."

पुढचा पूनमसिंग. दिग्रसकडच्या तांड्यावरचा, अंगाने थोराड, कामात धसमुसळा. त्याने बाटली नाकाखाली धरली, हलवली, पुन्हा धरली. "मॅडम, याच्यात तं काहीच नाही."

"सर्दी झाली का रे तुला?"

"नाही न मॅडम. सकाळी खानावळीत मिरचीची फोडणी देल्ली तं शिंकून शिंकून बेजार झालतो."

तिसऱ्यालाही वास आला नाही, चौथ्यालाही नाही. मग सुनीतीबाईंनी बाटली स्वतःच्या नाकाशी नेली. आतला कापसाचा बोळा कोरडा ठणठणीत होता. चूक त्यांचीच. सकाळी कपाटातून घाईघाईत गेल्या तुकडीची संपलेली बाटली उचलली होती, ताजी आतच राहिली होती. पोरांना हसायला तेवढंच पुरलं. "नयनभाऊचं नाक लय तेज हाये मॅडम, मागच्या साली संपलेला वासबी सापडते त्याले!" कोणीतरी मागून ओरडलं. नयनही हसला, पण हसताना त्याने मॅडमकडे पाहिलं नाही. सुनीतीबाईंना हसू आलं नाही.

यवतमाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सुनीतीबाई एकोणीस वर्षं शिकवत होत्या. काय शिकवत होत्या, ते मात्र दारावरच्या पाटीवर अवलंबून असे. आधी पाटीवर जिनिंग-प्रेसिंग होतं, कारण जिल्ह्यात कापडाच्या गिरण्या येणार होत्या. गिरण्या आल्या नाहीत. मग मोटार रिवाइंडिंग आलं, मग मोबाइल दुरुस्ती, मग सौरपंप. दर वेळी पेंटर त्याच पाटीवर पांढरा हात मारून नवीन अक्षरं काढून जाई, आणि दर वेळी सुनीतीबाई नवीन पुस्तक घरी नेऊन, चष्मा पुसून, पन्नाशी उलटली तरी पहिल्या धड्यापासून वाचायला बसत. आता पाटीवर 'नैसर्गिक वायू वितरण' होतं. शहरात खड्डे खणून पिवळे पाइप पुरले जात होते, दिवाळीनंतर पहिल्या वसाहतीतल्या घरांत वायू सुटणार होता. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत, पण निदान या वेळी खड्डे तरी डोळ्यांना दिसत होते.

सुनीतीबाईंच्या हाताखालून सहाशेच्या वर पोरं गेली होती. त्यातली किती कामाला लागली, हे वरचे साहेब विचारत तेव्हा त्या कागदावरचा आकडा सांगत. खरा आकडा त्यांना ठाऊक होता आणि तो बोटांवर मावण्याजोगा होता. बाजारात जावं तर कुठल्या तरी टपरीवरून "नमस्ते मॅडम" अशी हाक येई. मोबाइल दुरुस्ती शिकलेला पानाला चुना लावत असे, सौरपंपवाला रिक्षा चालवत असे. कोणाच्याच मनात किल्मिष नसे, चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. त्या चहाचीच सुनीतीबाईंना धास्ती वाटू लागली होती. लेक मिताली पुण्याहून फोनवर म्हणायची, "आई, सोड ना आता ते." त्या म्हणत, "ही एक तुकडी होऊ दे." असं म्हणता म्हणता चार तुकड्या झाल्या होत्या.

या तुकडीत बारा जण होते आणि त्यांत नयन एकच असा होता, की ज्याला शिकवताना शीण जात असे. कळंबकडच्या खेड्यातला, एकतिसाव्या वर्षी शिकायला आलेला. प्लास्टिकच्या दोन पाइपांची तोंडं तापलेल्या पत्र्यावर टेकवायची, वितळली की पत्रा काढून एकमेकांवर दाबायची आणि थंड होईस्तोवर हलू द्यायची नाहीत, हे या कामातलं मुख्य कसब. त्या पत्र्याला पोरं तवा म्हणत. बाकीच्यांना थंड होण्याची वाट बघवत नसे, सांध्याची कड एकीकडे जाड, एकीकडे पातळ येई. नयन घड्याळावर डोळा ठेवून बसून राही. त्याच्या सांध्यावरून बोट फिरवलं तर कड सगळीकडून सारखी लागे.

दुपारी पोरं जेवायला गेली तसं त्यांनी त्याला थांबवून घेतलं. तो तवा पुसत होता.

"नयन, बाटली रिकामी होती."

"समजलं मले, मॅडम. पूनमसिंग बोल्ला तेव्हाच समजलं."

"कधीपासून येत नाही वास?"

त्याने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "बोंडअळीच्या सालापासून. दोन वर्सं झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, अन् अळी कशानंच मरून नव्हती राह्यली. आठ दिवस सारखा फवारा मारला म्या. नवव्या दिवशी वावरातच पडलो. सरकारी दवाखान्यात अकरा दिवस होतो. डोये वापस आले, हातपाय वापस आले. नाक नाही आलं."

"अर्जावर तर 'ठीक' लिहिलंस तू."

"नाही लिवलं असतं तं घेतलं असतं काय तुम्ही?"

सुनीतीबाईंना आता आठवत होतं, की वासाच्या सरावात नयन नेहमी रांगेत चौथा-पाचवा उभा राही. पुढच्यांची तोंडं बघे. ते नाक मुरडत, मग तोही मुरडे. आज त्यांनीच त्याला हौसेने पहिला उभा केला होता.

"मॅडम, मशीन हाये न," तो म्हणाला. "गॅस सुटला का थे मशीन बोंबलते. मंग नाकाचं काय काम?"

"मशीनची बॅटरी उतरते. आणि लोक फोन करतात तेव्हा आधी माणूस दारात पोचतो, मशीन पिशवीत असतं. दारातच कळायला हवं, आत दिवा लावायचा की नाही ते. म्हणून तर वास घालतात त्यात. मूळ गॅसला वास नसतोच, शिकवलं ना मी?"

"शिकवलं मॅडम." त्याने तवा जागेवर ठेवला. "त्या औषधालेबी वास होता. पयल्या दिवशी मळमळलं मले. दुसऱ्या दिवशी कमी झाला. मले वाटलं सवय झाली. बुढा म्हणे, सवय होते, आमाले नाही का झाली."

बुढा म्हणजे त्याचा बाप, पुंडलिकराव. अंगाने दांडगा माणूस, वर्षापूर्वी अर्धांगाने आडवा झाला होता. त्याला कुशीवर वळवायलाही दोघं लागत. म्हणून नयनला बाहेरगावी जाता येत नव्हतं. सांधे जोडणाऱ्यांना राजस्थानात, गुजरातेत कामं होती, पण यवतमाळात कंपनी एकच जागा भरणार होती. गळती पथकातली, कायमची, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी. येत्या शुक्रवारी कंपनीचा परीक्षक नागपूरहून येणार होता. सकाळी सांध्याची परीक्षा, दुपारी नाकाची. पाच बाटल्यांपैकी एकीत वास, तो उमेदवाराने ओळखायचा. बाटल्या दर उमेदवाराला पडद्याआड मागेपुढे करून द्यायच्या त्या सुनीतीबाईंनी.

"जा, जेवून घे," त्या म्हणाल्या.

बुधवारी नयनची बायको आली. निकिता नाव, चोवीस-पंचवीसची, पायांत चिखलाने भरलेल्या चपला. त्या तिने दाराबाहेर काढून ठेवल्या आणि पिशवीतून बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा काढून टेबलावर ठेवल्या.

"घरच्या हायेत मॅडम. याईनं सांगतलं मले, तुमाले समजलं म्हून. मी आली हे याईले माहीत नाही."

"बस ना."

ती बसली नाही. "दूध उतू गेलं तं मी सांगतो. भाजी लागली तं मी सांगतो. सासूबाईले अजूनबी माहीत नाही. एकडाव बुढ्याच्या गादीखाली उंदीर मेलता. हे तिथंच बसून जेवून राह्यले होते. मी बाहेरून आली तं मले उलटी झाली. त्या दिवशी हे जेवलेच नाही मंग. म्हणे, मी माणूस हावो का काय हावो." ती पदराशी चाळा करत राहिली. "गावात समजलं तं फवाऱ्याचा माणूस म्हून हसतात मॅडम. तुमच्या इथं येऊन राह्यले तं जरा बोलाले लागले घरी. पायपाचे तुकडे घेऊन येते, बुढ्याले दाखवते. बुढा बोट फिरवते त्याच्यावर."

"निकिता, ही जागा गळती शोधायची आहे गं."

"मले नाही समजत त्यातलं. पण बाटल्या तुम्हीच लावता म्हणे. एवढं पाहा." असं म्हणून ती दाराशी गेली, चपला हातातच घेऊन फाटकापर्यंत चालत गेली आणि तिथे पायांत घातल्या.

सुनीतीबाईंनी त्या शेंगा घरी नेल्या आणि भाजी केली. गॅस पेटवताना हात क्षणभर थांबला. वास नव्हता. वास नाही म्हणजे सगळं ठीक, ही खात्री आपण दिवसातून दहादा करून घेतो आणि आपल्याला पत्ताही नसतो, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना राग आला. कोणाचा ते सांगणं कठीण. औषध विकणाऱ्यांचा आला, गिरण्या येणार म्हणणाऱ्यांचा आला, स्वतःच्या एकोणीस वर्षांचा आला. सहाशेंत एक तरी हातातलं काम हातात घेऊन आपल्याच गावी राहील, हे एवढं एक पदरात पडावं असं त्यांना फार वाटलं. आणि पथकात एकटा थोडाच असतो माणूस, जोडीदार असतोच की, अशी मनाची समजूत घालायलाही त्या शिकल्या. माणूस थकला की नियम आधी सैल पडतात आणि कारणं मागाहून सापडतात.

गुरुवारी संध्याकाळी शेड बंद करताना त्या नयनच्या जवळून गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्या वेळी तिसरी."

त्याने मान हलवली.

शुक्रवारी परीक्षक आला. अनिमेष नावाचा, तिशीही न गाठलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा. वागायला सरळ होता. पोरांना नावाने हाक मारत होता, उन्हात स्वतः उभा राहत होता. सकाळभर सांधे झाले. पूनमसिंगने तवा दोन सेकंद आधीच काढला आणि त्याची कड एकीकडे फुगली. नयनचा सांधा निवाला तसा अनिमेषने तो हातात घेतला, फिरवून पाहिला, करवतीने त्याची पट्टी कापून दुहेरी वाकवली. सांध्याने हूं की चूं केलं नाही. अनिमेषने मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"मॅडम, हा कुठे शिकला आधी?"

"इथेच," सुनीतीबाई म्हणाल्या. किती वर्षांनी त्यांना असा अभिमान वाटला होता.

"आमच्या जुन्या लोकांना जमत नाही असं. नाक ठीक असलं की ही जागा याचीच समजा."

जेवण कोणालाच गेलं नाही. दोन वाजता पडद्यापुढे टेबल मांडलं. पडद्यामागे सुनीतीबाई, पुढे अनिमेष, हातात तक्ता. एकेक पोरगं येई, पाच बाटल्या हुंगी, नंबर सांगे. सातवं नाव नयनचं होतं. सुनीतीबाईंनी बाटल्या मागेपुढे केल्या, ताज्या बोळ्याची तिसरी ठेवली आणि ट्रे पुढे सरकवला. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, तरी तो नंबर त्याने पटकन सांगून मोकळं व्हावं असंही वाटत होतं.

नयनने पहिली बाटली उचलली, नाकाशी धरली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. तिसरी उचलली. ती त्याने बराच वेळ नाकाशी धरली, खोल श्वास घेतला, जणू या खेपेला तरी येईल म्हणून. मग तीही ठेवली. चौथी आणि पाचवी त्याने उचललीच नाही.

"किती नंबर?" अनिमेषने पेन टेकवलं.

"साहेब, मले वासच येत नाही. कशाचाच येत नाही. दोन वर्सं झाले." मग पडद्याकडे न बघता, स्पष्ट आवाजात त्याने पुढे सांगितलं, "मॅडमले माहीत नव्हतं. म्या लपवलं त्याईच्यापासून."

अनिमेषने पेन खाली ठेवलं. पडदा बाजूला करून त्याने आत पाहिलं. "मॅडम, तुम्हाला खरंच कल्पना नव्हती?"

सुनीतीबाईंच्या तोंडाशी खरं आलं होतं. नयन त्यांच्याकडे बघत होता आणि त्याची मान अगदी बारीक, नकारार्थी हलली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

अनिमेषला वाईट वाटलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "राजस्थानला सांध्याच्या कामावर येतोस का? तिथे नाकाची अट नाही. मी आजच नाव देतो."

"नाही साहेब. बाप पडून हाये घरी."

"मग मी काय करू, तूच सांग."

"काही नाही साहेब. तुम्ही पुढचं नाव घ्या."

पुढचं नाव पूनमसिंगचं होतं. त्याला वास लगेच सापडला, दुसऱ्याच बाटलीत, आणि तो इतक्या जोरात शिंकला की अनिमेषसुद्धा हसला. यवतमाळची जागा पूनमसिंगला मिळाली. त्याच्या सांध्याची कड एकीकडे फुगलेलीच होती, पण ते शिकवून येतं.

चारच्या सुमारास गाडी नागपूरकडे गेली, पोरं पूनमसिंगला उचलून चहाच्या टपरीवर घेऊन गेली. सुनीतीबाई शेडमध्ये आल्या तर नयन आपली पिशवी भरत होता. सकाळच्या सांध्याचा उरलेला तुकडा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळला होता.

"हा नेऊ का मॅडम? बुढ्याले दाखवतो."

"ने ना. विचारतोस काय." त्या जवळ आल्या. "मी सांगितलं होतं ना तुला तिसरी म्हणून? का केलंस असं? आणि माझं नाव कशाला झाकलंस?"

"तुमची नौकरी हाये न मॅडम. अजून किती पोट्टे येतीन." पिशवीची चेन अडकली होती, ती त्याने खाली बसून सरळ केली. "काल रात्री बुढ्याले वळवता वळवता निकिताले सांगतलं, तिसरी हाये म्हून. पयले तिले आनंद झाला. मंग गप बसली. मंग म्हणे, घरी मी हावो तुमच्या नाकाले. लोकायच्या घरी कोण राहीन? दिवसभर थेच डोक्यात होतं. बाटली हातात घेतली तरी वाटलं, बोलून टाकू तीन. नाही निघालं तोंडातून."

सुनीतीबाई स्टुलावर बसल्या. त्यांना रडावंसं वाटत होतं आणि रडायची ताकद नव्हती. दोन माणसांनी, एका आजाऱ्याला कुशीवर वळवताना, त्यांचा सगळा अभ्यासक्रम त्यांच्यापेक्षा नीट समजून घेतला होता. आणि त्याचा त्या दोघांना काडीचा उपयोग नव्हता.

"आता काय करशील?"

"आता काय मॅडम. परवापासून फवारा हाये. पाऊस उघडला, अळी दिसून राह्यली."

"नयन, तोंडाला नीट बांध. हातमोजे घाल. वाऱ्याकडे तोंड करून मारू नकोस."

"बांधतो मॅडम. पण आता मले समजत नाही न, आत गेलं का नाही गेलं थे."

"मग निकिताला सोबत ने," त्या घाईघाईने म्हणाल्या. "बांधावर उभी कर तिला. ती सांगेल तुला, कधी बाहेर यायचं ते."

नयन उठला. पिशवी खांद्याला लावली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याने त्यांना थोडं दटावल्यासारखं पाहिलं.

"फवाऱ्याच्या दिवशी तिले वावराकडे येऊच देत नाही म्या, मॅडम," तो म्हणाला. "तिचं नाक अजून चांगलं हाये."

आणि कळंबची बस चुकू नये म्हणून तो जरा घाईने फाटकाकडे चालू लागला.